घोरणाऱ्याचा श्वास आणि दातांचा डॉक्टर

घोरणारा माणूस सुखी, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. दिवसभर राबून आलेला घरधनी पाठ टेकताच घोरू लागला की घरातली माणसे म्हणतात, थकला बिचारा, गाढ झोपला. लग्नाकार्यात पाहुण्यांच्या ओळीत एखादा जोरात घोरू लागला की पोरेसोरे हसतात आणि सकाळी त्याची नक्कल होते. घोरणे हा आपल्याकडे थट्टेचा विषय आहे. ते आजाराचे लक्षण असू शकते, हे अजून आपल्या घरांत पुरेसे पोहोचलेले नाही.

त्या आजारावर दातांच्या डॉक्टरकडेही एक उपाय असतो, हे तर फारच थोड्यांना ठाऊक आहे. श्वास अडला तर दातवाल्याकडे कशाला जायचे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर आम्ही या लेखात देणार आहोत. चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांत या उपायाच्या आड नेमके काय येते, तेही सांगणार आहोत. आड येणारी ती गोष्ट आपल्याच खिशातल्या पन्नीत आहे.

रात्री काय घडते?

आपल्या घशाची नळी हाडांची नाही. ती मऊ मांसाची आहे. जागेपणी तेथील स्नायू ताठ असतात आणि नळी उघडी ठेवतात. झोप लागली की स्नायू सैल पडतात. माणूस उताणा असेल तर खालचा जबडा मागे सरकतो, त्याला चिकटलेली जीभही मागे पडते, टाळूचा मऊ भाग व पडजीभ लोंबते आणि श्वासाची वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून हवा जाताना ते मांस थरथरते. त्या थरथरण्याचा आवाज म्हणजे घोरणे.

काहींच्या बाबतीत ही वाट पूर्ण बंद होते. छाती श्वास ओढण्याची खटपट करते, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही अधिक. रक्तातील प्राणवायू घटतो. मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागे करतो. मग एक मोठा घुसमटलेला आवाज होतो, श्वास सुटतो आणि घोरणे पुन्हा सुरू होते. माणसाला यातले काही आठवत नाही. रात्रभरात असे शंभर-दोनशे वेळा झाले तरी सकाळी तो सांगतो, मला तर छान झोप लागली होती. या आजाराला डॉक्टर लोक स्लीप अॅप्निया म्हणतात. अॅप्निया म्हणजे श्वास थांबणे.

म्हणून या आजाराची पहिली साक्षीदार शेजारी झोपणारी बाई असते. "अजी, कूस बदला न, श्वास थांबला होता तुमचा," असे ती मध्यरात्री हलवून सांगते आणि नवरोजी चिडून पाठ फिरवतात. आमचे सर्व घरधन्यांना सांगणे आहे की, ही तक्रार नसून निदान आहे. डॉक्टरकडे जाताना तिला सोबत न्या. डॉक्टर तुमच्यापेक्षा तिला अधिक प्रश्न विचारतील. आणि घोरणारी बाई असेल तर हेच काम नवऱ्याने करावे. बायकांत, विशेषतः पाळी गेल्यावर, हा आजार वाढतो. मात्र बाईचे घोरणे लाजेखातर लपविले जाते आणि तिचा दिवसाचा थकवा कामाच्या नावावर जमा होतो.

दिवसा दिसणारी लक्षणे

सकाळी डोके दुखणे, तोंड कोरडे पडणे, रात्री वारंवार लघवीला उठावे लागणे, चिडचिड, विसरभोळेपणा आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दिवसा अनावर झोप. बसमध्ये, सभेत, जेवण होताच, बोलता बोलता डोळा लागणे. आपल्या भागात धान राखायला जागलीवर जाणाऱ्यांची झोप होत नाही, हे खरे. पण जागल नसतानाही, आठ तास अंथरुणात काढूनही जो दिवसभर पेंगतो, त्याच्या झोपेत काही बिघाड आहे असे समजावे. उपचार न केल्यास रक्तदाब वाढतो, औषधांनी तो आवरत नाही, आणि हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढतो.

मान जाड असणाऱ्या आणि वजन वाढलेल्या माणसांत हा आजार जास्त दिसतो. मानेचा घेर चाळीस सेंटिमीटरच्या वर असणे ही एक धोक्याची खूण मानतात. परंतु ज्याचा खालचा जबडा लहान किंवा मागे बसलेला आहे, टाळू अरुंद आहे, त्या सडपातळ माणसालाही तो होऊ शकतो. मी काही लठ्ठ नाही, असे म्हणून कोणी निश्चिंत राहू नये.

हा केवळ साहेबलोकांचा आजार आहे, असेही कोणी समजू नये. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांची पाहणी करून ती २००४ साली प्रसिद्ध केली. आजारी म्हणून नव्हे, तर नेहमीच्या तपासणीसाठी आलेले हे पुरुष होते. त्यांच्यात झोपेत श्वास अडण्याचे प्रमाण १९.५ टक्के निघाले. त्याबरोबर दिवसाची झोप असलेले, म्हणजे पुरता आजार जडलेले, ७.५ टक्के होते. ही पाहणी मुंबईची आहे. पण जबडा, जीभ आणि घसा खेड्यातल्या माणसालाही तसेच असतात.

आपल्या जिल्ह्यांत याला आणखी दोन बाजू आहेत. पहिली कामाची. घुग्घुस, माजरी, बल्लारपूर, राजुरा या पट्ट्यात कोळशाच्या खाणी आहेत. तेथे पाळीपाळीने रात्रंदिवस डंपर चालतात. वीज केंद्रात पाळ्या आहेत. सूरजागडचे लोहखनिज वाहणारे ट्रक गडचिरोलीच्या रस्त्यांवर धावतात. चाकामागे बसलेल्या माणसाचा पाच सेकंद डोळा लागला तर काय होते, हे सांगण्याची गरज नाही. अपघात झाला की चालक दारू प्यायला होता काय, हे आपण विचारतो. तो रात्री घोरतो काय, हे कोणी विचारत नाही.

दुसरी बाजू सिकलसेलची. नागपूरचे डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलवर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९५८ साली लिहिले. तेव्हापासून आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत हा आजार आहे, हे जगाला माहीत आहे. सिकलसेलमध्ये रक्तातील प्राणवायू कमी झाला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, नसांत अडकतात आणि वेदनेचा झटका येतो. आता विचार करा, रोज रात्री झोपेत श्वास अडून ज्याचा प्राणवायू घसरतो, त्या सिकलसेलच्या रुग्णाचे काय होत असेल? म्हणून ज्या घरी सिकलसेलचा रुग्ण आहे आणि तो घोरतो, मग तो मुलगा असो की मोठा माणूस, त्या घराने ही गोष्ट डॉक्टरच्या कानावर घातलीच पाहिजे. मुलांत टॉन्सिल वाढल्यानेही असे होते आणि त्यावर वेगळा उपचार आहे.

तपासणी आणि यंत्र

आजार आहे की नाही, आणि किती आहे, हे झोपेच्या तपासणीवरून ठरते. अंगाला तारा लावून माणसाला रात्रभर झोपवतात आणि श्वास, प्राणवायू, हृदयाचे ठोके व मेंदूच्या लहरी मोजतात. घरी नेण्याचे छोटे यंत्रही मिळते. तासाला सरासरी किती वेळा श्वास अडला वा उथळ झाला, त्यावरून पायऱ्या पाडल्या आहेत. पाच ते पंधरा म्हणजे सौम्य, पंधरा ते तीस म्हणजे मध्यम आणि तीसच्या वर म्हणजे तीव्र.

यावरचा मुख्य उपचार म्हणजे हवेचा दाब देणारे यंत्र. ऑस्ट्रेलियात सिडनी येथील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी ते १९८१ साली जगापुढे मांडले. नाकावर मुखवटा लावायचा, यंत्र सतत हवेचा हलका दाब देते आणि त्या दाबाने घशाची वाट उघडी राहते. याला सीपॅप म्हणतात. तीव्र आजारात आजही याच्याइतका खात्रीचा उपाय नाही. ज्यांना ते घेणे आणि वापरणे शक्य आहे, त्यांनी ते बिनदिक्कत वापरावे.

पण हे यंत्र महाग आहे. शेतमजुराच्या किंवा छोट्या नोकरदाराच्या घराला तो खर्च पेलत नाही. शिवाय त्याला रात्रभर वीज लागते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. अशा दुर्गम गावात विजेवर चालणारा श्वास किती भरवशाचा? आणि यंत्र घरी आले तरी मुखवटा सहन न होऊन ते कपाटात ठेवणारे लोक मोठ्या शहरांतही पुष्कळ आहेत. येथे दातांचा डॉक्टर कामी येतो.

जबडा पुढे, श्वास मोकळा

विचार साधा आहे. जबडा मागे सरकल्याने जीभ मागे पडते. तर मग झोपेत जबडा पुढेच धरून ठेवला तर? बेशुद्ध माणसाचा श्वास अडला की डॉक्टर त्याचा जबडा पुढे ओढतात, ते याच कारणासाठी.

पिअर रोबँ या फ्रेंच दंतवैद्याने जबडा लहान असलेल्या बाळांची जीभ मागे पडून श्वास कोंडतो, हे १९२३ साली लिहून ठेवले होते. मोठ्या माणसांसाठी शिकागोच्या रोझलिंड कार्टराइट यांनी १९८२ साली जीभ पुढे धरून ठेवणारे मऊ साधन मांडले. पुढे जबडा पुढे धरणारी साधने आली आणि आज तीच मुख्यतः वापरली जातात.

कवळीसाठी घेतात तसे वरच्या आणि खालच्या दातांचे माप घेतात. त्यावरून दोन साचे तयार होतात, एक वरच्या दातांवर आणि एक खालच्या दातांवर बसणारा. दोन्ही एकमेकांना असे जोडलेले असतात की खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे राहतो. हे फक्त झोपताना घालायचे. डॉक्टर पहिल्याच दिवशी जबडा फार पुढे ओढत नाहीत. आठवड्या-पंधरवड्याने थोडे थोडे पुढे सरकवतात आणि घोरणे थांबून दिवसाची झोप कमी होईपर्यंत ते जुळवत नेतात. याला वीज लागत नाही, आवाज होत नाही, आणि ते डबीत घालून गावोगाव नेता येते.

हा उपाय आता वैद्यकशास्त्राने मान्य केलेला आहे. अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या आणि दंतनिद्रावैद्यकाच्या संघटनांनी २०१५ साली मिळून मार्गदर्शक सूचना काढल्या. यंत्र सहन न होणाऱ्या किंवा दुसरा उपाय हवा असणाऱ्या प्रौढांना दातांचे साधन द्यावे, ते त्या माणसाच्या मापाचे व पुढेमागे जुळवता येणारे असावे आणि नंतर पुन्हा तपासणी करावी, असे त्यात सांगितले आहे. आपल्या देशातील तज्ज्ञांनी २०१४ च्या सूचनांत सौम्य व मध्यम आजारासाठी या साधनाला स्थान दिले आहे.

गुण किती येतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ढोबळमानाने तीनपैकी एकाला पूर्ण गुण येतो, एकाला अर्धा आणि एकाला फारसा नाही. श्वास अडण्याचे आकडे यंत्राने जेवढे खाली येतात तेवढे साच्याने येत नाहीत. पण लोक साचा रात्री अधिक वेळ तोंडात ठेवतात. म्हणून सिडनी येथे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत महिनाभरानंतर रक्तदाब आणि दिवसाची झोप या बाबतींत दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा आढळला. कपाटातल्या उत्तम यंत्रापेक्षा तोंडातला मध्यम साचा बरा, असा त्याचा आमच्या समजुतीप्रमाणे अर्थ आहे.

त्रासही आहेत. सुरुवातीला लाळ सुटते, सकाळी जबडा व दात दुखतात. बहुधा काही आठवड्यांत हे कमी होते. वर्षानुवर्षे वापरल्यास दात किंचित सरकतात आणि चावा बदलतो. म्हणून सहा महिन्यांनी वा वर्षाने डॉक्टरला दाखवत राहावे लागते. ज्यांचे दात हलतात, ज्यांच्या जबड्याच्या सांध्याला आजार आहे, त्यांना आधी तो दुरुस्त करावा लागतो.

आड येते ते काय?

आता आपल्या घरची गोष्ट. या साच्यासाठी तोंडाकडून दोनच गोष्टी हव्यात. एक, तोंड उघडले पाहिजे. दोन, साचा धरायला मजबूत दात पाहिजेत, वर आठ-दहा आणि खाली आठ-दहा. याहून अधिक काही नाही. आणि नेमक्या याच दोन गोष्टी खर्रा हिरावून घेतो.

सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून पानठेल्यावर जो खर्रा मिळतो, त्याची ओळख आपल्या वाचकांना करून देण्याची गरज नाही. शाळकरी पोरापासून धान रोवणाऱ्या बाईपर्यंत तो सर्वांच्या गालात आहे. तंबाखूने कॅन्सर होतो, हे आपण ऐकून आहोत. पण सुपारी निरुपद्रवी आहे, असा मोठा गैरसमज आहे. सुपारीतील द्रव्यांनी तोंडाच्या आतील मऊ कातडीखाली घट्ट तंतू साचत जातात. आधी तिखट लागताच जळजळते, मग आतली कातडी पांढरी पडते, मग गालात दोरीसारखे पट्टे हाताला लागतात आणि तोंड हळूहळू बंद होत जाते. पडजीभ आक्रसते, मऊ टाळू ताठ होते, जीभ नीट बाहेर येत नाही. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली टाळूच्या या आजाराचे वर्णन करून त्याला सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव दिले. जगाच्या वैद्यकीय पुस्तकांत असलेले हे नाव एका मुंबईकर डॉक्टरने दिलेले आहे आणि त्याचे रुग्ण आजही आपल्या पानठेल्यांवर उभे आहेत.

याचा कॅन्सरशी संबंध आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संशोधकांनी केरळात अशा रुग्णांवर सतरा वर्षे नजर ठेवली आणि ७.६ टक्के रुग्णांत कॅन्सर झाल्याचे १९८५ साली दाखविले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरविले आहे.

पण कॅन्सर होण्याच्या कितीतरी आधी खर्रा माणसाचे आणखी एक नुकसान करून जातो. ज्याच्या तोंडात दोन बोटेही जात नाहीत, त्याच्या दातांचे माप घेण्याचा साचाच आत जात नाही. गालाचे पट्टे ताठ झालेले असतील तर खालचा जबडा पुढे सरकत नाही. म्हणजे उद्या त्याला श्वास अडण्याचा आजार जडला तर सर्वांत सोयीचा आणि विजेविना चालणारा उपाय त्याच्यासाठी आधीच बंद झालेला असतो. उरते ते महागडे यंत्र. आणि कधी शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरला घशात नळी घालणेही कठीण जाते. तेव्हा तोंड उघडत नाही आणि घोरतो, या दोन्ही गोष्टी भूल देण्याआधी त्या डॉक्टरला सांगितल्याच पाहिजेत. लपवाछपवी केल्यास जीव धोक्यात येतो.

राहिले दात. तंबाखू आणि चुन्याने हिरड्या मागे हटतात, दात उघडे पडतात, हलू लागतात. नस वा गुडाखू घासणाऱ्या आयाबायांच्या हिरड्यांचेही तेच होते. आणि आपल्याकडे दात दुखला की उपटून टाकण्याची घाई असते. भरण्यापेक्षा काढणे स्वस्त, असा हिशेब केला जातो. चाळिशी-पन्नाशीत, म्हणजे नेमका श्वासाचा आजार सुरू होण्याच्या वयात, साचा धरायला दातच उरत नाहीत. बिनदाताच्या माणसासाठी जीभ पुढे धरणारे मऊ साधन आहे, पण ते तोंडात ठेवणे अनेकांना कठीण जाते. म्हणून आमचे सांगणे आहे की, एखादा दात वाचविता येत असेल तर तो वाचवा. तो केवळ भाकर चावण्यासाठी नाही.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. दारूने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि श्वास अधिक वेळ अडतो, म्हणून घोरणाऱ्याने संध्याकाळची दारू आधी सोडावी. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. गडचिरोली जिल्ह्यात दारू आणि तंबाखू कमी करण्यासाठी २०१६ पासून 'मुक्तिपथ' हे अभियान सुरू झाले. डॉ. अभय बंग यांची 'सर्च' ही संस्था आणि शासन त्यात एकत्र आले. गावोगावच्या बायकांनी खर्राविक्री थांबविण्यासाठी पुढाकार घेतला. कायदा आणि अभियान दोन्ही हवे. परंतु बंदी पानठेल्यावर येते, गालात येत नाही. ती ज्याची त्यालाच घालावी लागते.

आपण काय करावे?

प्रथम, आज रात्री आरशासमोर उभे राहा. आपल्याच हाताची तीन बोटे उभी धरून तोंडात घालून पाहा. सहज गेली तर तोंड चांगले उघडते. दोनच गेली तर खर्रा त्याच दिवशी बंद करा आणि दातांच्या डॉक्टरला दाखवा. साचलेले तंतू पूर्ण विरघळत नाहीत. पण सुपारी सुटली की आजाराची वाढ मंदावते. लाकडी पट्ट्या दातांत ठेवून करायचे व्यायाम, इंजेक्शने आणि फारच झाल्यास शस्त्रक्रिया, यांनी तोंड काही प्रमाणात मोकळे करता येते. घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचीही तीन बोटांची परीक्षा घ्या. रागावू नका, बोटे किती जातात तेवढे पाहा. मुलगा स्वतःच समजेल.

दुसरे, घोरणाऱ्याने कुशीवर झोपावे. सदऱ्याच्या पाठीला आतून एक चेंडू शिवला तर उताणे होताच तो टोचतो. वजन वाढलेले असेल तर कमी करावे. नाक चोंदत असेल तर त्यावर उपचार घ्यावा. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

तिसरे, श्वास थांबताना घरच्यांनी पाहिले असेल, दिवसा झोप येत असेल, किंवा रक्तदाब आवरत नसेल, तर कान-नाक-घशाच्या किंवा छातीच्या डॉक्टरला दाखवून झोपेची तपासणी करून घ्यावी. चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आधी दाखवावे. तेथे सोय नसल्यास तेथील डॉक्टर नागपूरचा रस्ता सांगतील. सिरोंच्याहून गडचिरोली गाठायलाच सुमारे दोनशे किलोमीटर पडतात. म्हणून आधी चौकशी करून, वेळ ठरवूनच निघावे.

चौथे, आजार ठरल्यावरच दातांच्या डॉक्टरला साच्याबद्दल विचारावे. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय आणि वर्ध्याजवळ सावंगीचे शरद पवार दंत महाविद्यालय ही आपल्याला जवळ पडणारी ठिकाणे आहेत. तेथे कृत्रिम दात बसविणाऱ्या विभागात या साधनाची चौकशी करावी. खाजगी डॉक्टरकडे गेल्यास साचा मापाचा आहे काय, तो पुढेमागे जुळवता येतो काय आणि नंतर पुन्हा तपासणी होणार काय, हे तीन प्रश्न विचारावेत. तिन्हींची उत्तरे होय अशी आली तरच पैसे द्यावेत.

बाजारात गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबण्याचे तयार साचे मिळतात. तपासणीविना ते घालू नयेत. घोरण्याचा आवाज कमी होईल आणि श्वास मात्र अडतच राहील, हा त्यातला धोका आहे. टाळू रुंद करून मोठ्या माणसाचा आजार कायमचा घालवितो, असे कोणी सांगत असेल तर सावध असावे. काही निवडक रुग्णांत त्याचा उपयोग होतो, पण सर्वांसाठी तो सिद्ध झालेला नाही. दोन्ही जबडे पुढे आणण्याची शस्त्रक्रिया तीव्र आजारात चांगला गुण देते. मात्र ती मोठी शस्त्रक्रिया आहे आणि यंत्र व साचा दोन्ही न चालल्यासच तिचा विचार होतो.

एक गोष्ट दातांच्या डॉक्टरांनाही सांगावीशी वाटते. आपल्या गावातला रुग्ण झोपेच्या तज्ज्ञाकडे आयुष्यात एकदाही जाणार नाही, पण दाढ दुखली की तुमच्याकडे नक्की येतो. त्याची झिजलेली दाढ, कडेला दातांचे ठसे उमटलेली जीभ, गर्दीने भरलेला घसा तुम्हाला दिसतो. दाढ काढण्याआधी एवढेच विचारा, "दादा, रात्री घोरता काय? दिवसा डोळा लागतो काय?" या दोन प्रश्नांना पैसे लागत नाहीत. एखाद्या ट्रकचालकाचा आणि त्याच्या समोरून येणाऱ्या कुटुंबाचा जीव त्यांनी वाचू शकतो.

माणूस अन्नावाचून काही आठवडे आणि पाण्यावाचून काही दिवस काढतो. श्वासावाचून काही मिनिटेही नाही. तो श्वास रोज रात्री अडत असेल आणि तो मोकळा करणारा उपाय आपल्याच तोंडात बसणारा असेल, तर त्यासाठी तोंड शाबूत राखणे एवढे तरी आपल्या हाती आहे. आज सोडलेला खर्रा उद्याच्या साच्याची जागा राखून ठेवतो.